कोकमाच्या बरणीतील साखर कशासाठी?



मे महिना लागला की आमच्या कोल्हापुरात कोकणातून पाहुणे येऊ लागतात. फोंडाघाट चढून आलेल्या एस.टी.तून फणस उतरतात, करवंदे उतरतात आणि लालजांभळ्या रातांब्यांनी भरलेल्या पिशव्याही उतरतात. रातांबा म्हणजे कोकमाचे ताजे फळ. शाहूपुरीतील आमच्या घराच्या गच्चीवर मग काचेच्या बरण्या उन्हात मांडल्या जातात. बरणीत फळाच्या साली आणि साखर. पाण्याचा एक थेंबही घातलेला नसतो, पण दोन-तीन दिवसांत बरणीत लाल रस दिसू लागतो. यालाच आपण अमृतकोकम म्हणतो. नीट केलेले अमृतकोकम वर्षभर टिकते.

नीट केलेले, असे मी मुद्दाम म्हटले. सात-आठ वर्षांपूर्वी ते नीट झाले नव्हते आणि त्याला कारण मीच होतो.

वडिलांना मधुमेह असल्याचे त्या वर्षी नुकतेच समजले होते. आई नेहमीप्रमाणे एक किलो सालींना दोन किलो साखर मोजून घेत होती. मी म्हणालो, "आई, एवढी साखर कशाला? निम्मी कर." आईने माझ्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाली, "अरे, ती काय नुसती गोडीसाठी असते होय?" पण मुलगा पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक, तेव्हा तिने माझे ऐकले. एक किलो सालींना एकच किलो साखर पडली. उन्हात असतानाच बरणीत थोडा फेस दिसत होता, पण मी तिकडे लक्ष दिले नाही. रस गाळून बाटल्या भरल्या, बुचे घट्ट लावली. जूनमधल्या एका रात्री स्वयंपाकघरात "फट्" असा आवाज झाला. जाऊन पाहतो तो एका बाटलीचे बूच उडालेले आणि नव्याने रंगवलेली भिंत लालेलाल. दुसऱ्या दिवशी मी भिंत पुसली आणि मग पुस्तके उघडली. त्या पुस्तकांत मला आईच्याच प्रश्नाचे उत्तर सापडले. तेच आज तुम्हांला सांगायचे आहे.

बूच कशाने उडाले?

फळांच्या सालीवर, हवेत, आपल्या हातांवर यीस्टच्या पेशी असतातच. त्यांना साखर आणि पाणी मिळाले की त्या साखरेचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतात. या क्रियेला किण्वन म्हणतात. आता थोडे गणित करू. साखरेचा एक मोल म्हणजे ३४२ ग्रॅम. त्याचे पूर्ण किण्वन झाले तर कार्बन डायऑक्साइडचे चार मोल तयार होतात. नेहमीच्या तापमानाला एक मोल वायू सुमारे साडेचोवीस लिटर जागा व्यापतो. भागाकार केला तर एका ग्रॅम साखरेपासून पाव लिटरहून अधिक वायू निघतो.

बाटलीच्या मानेत रिकामी जागा किती असते? फार तर ५० मिलिलिटर. काही वायू रसात विरघळतो हे खरे, पण उरलेल्याला एवढ्याशा जागेत कोंडून बसावे लागते. एका बाटलीत शेकडो ग्रॅम साखर असते. त्यांपैकी चार-पाच ग्रॅम जरी आंबली तरी बुचाची खैर नाही. आमचे नशीब असे की बूच सैल होते. ते पक्के असते तर काच फुटली असती आणि ती भिंत पुसण्यावर भागले नसते. म्हणून फेस धरलेली, बूच फुगलेली बाटली कधीही तोंडाजवळ धरून उघडू नका. मोठ्या माणसांना सांगा.

परंतु खरा प्रश्न पुढेच आहे. साखर हे तर यीस्टचे अन्न. मग निम्म्या साखरेत यीस्ट माजले आणि दुप्पट साखरेत ते उपाशी का राहते?

पाणी आहे, पण मिळत नाही

बरणीकडे पुन्हा पाहा. कोरड्या साखरेत ठेवलेल्या सालीतून रस बाहेर कसा आला? सालीच्या पेशींभोवती पातळ पडदा असतो. त्यातून पाणी सहज जाते, साखर सहज जात नाही. पडद्याच्या एका बाजूला पातळ द्रावण आणि दुसऱ्या बाजूला दाट द्रावण असेल तर पाणी पातळाकडून दाटाकडे वाहते. यालाच परासरण म्हणतात. बाहेर साखरेचा दाट पाक असल्यामुळे सालीतले पाणी बाहेर ओढले जाते. पुढे पेशी मरतात, पडदे फाटतात आणि रंग व आंबटपणाही रसात उतरतो.

जे सालीच्या पेशीचे होते तेच यीस्टच्या पेशीचे. दाट पाकात पडलेल्या यीस्टच्या पेशीतले पाणी बाहेर खेचले जाते. ती आक्रसते आणि तिची वाढ थांबते. चारही बाजूंना अन्न आहे, पाणीही आहे, पण ते पाणी तिला घेता येत नाही.

हे "घेता येणारे पाणी" मोजता येते का? येते. एका बंद डब्यात नुसते पाणी ठेवले तर काही वेळाने आतील हवेची सापेक्ष आर्द्रता १०० टक्के होते. पाण्याऐवजी पाक ठेवला तर आर्द्रता १०० पर्यंत पोहोचत नाही, कारण साखरेचे रेणू पाण्याच्या रेणूंना धरून ठेवतात आणि त्यांना हवेत निसटणे अवघड होते. ५५ टक्के साखरेच्या पाकावर ही आर्द्रता सुमारे ९३ टक्क्यांवर थांबते. ६५ टक्क्यांच्या पाकावर ती सुमारे ८७ टक्क्यांवर थांबते. मधावर तर ती ६० टक्क्यांच्या आसपासच असते.

आता दुसरी बाजू पाहा. बहुतेक जीवाणूंना वाढण्यासाठी हा आकडा ९० च्या वर लागतो. बहुतेक साध्या यीस्टना सुमारे ८८ लागतो. बऱ्याच बुरशींना ८० पुरतो आणि साखरेला सरावलेल्या काही थोड्या यीस्ट ६१-६२ पर्यंतही तग धरतात.

आमच्या दोन बरण्यांचा हिशोब लावू. ताज्या सालीत वजनाच्या ८० टक्के पाणी धरले तर एक किलो सालीत ८०० ग्रॅम पाणी आहे. त्यात दोन किलो साखर घातली की साखरेचे प्रमाण २८०० त २०००, म्हणजे सुमारे ७१ टक्के होते. एकच किलो घातली तर १८०० त १०००, म्हणजे सुमारे ५६ टक्के. आईची बरणी यीस्टच्या रेषेच्या पुष्कळ खाली होती आणि माझी रेषेच्या वर. तिने कधी हा भागाकार केला नव्हता, पण तिच्या हातातल्या मापात तो आधीच झालेला होता.

सरकारी नियमांतही हीच रेषा दिसते. १९५५ च्या फळ उत्पादन आदेशात फळांच्या सिरपमध्ये विरघळलेले घनपदार्थ किमान ६५ टक्के असावेत असे होते. २०११ मध्ये नवे अन्नसुरक्षा नियम आले, त्यांतही तो आकडा कायम राहिला.

वजन नव्हे, संख्या महत्त्वाची

तुम्ही म्हणाल, "सर, साखर पाण्यात फार तर ६७ टक्क्यांपर्यंत विरघळते. ७१ टक्के कशी विरघळणार?" शंका अगदी बरोबर आहे. २० ते २५ अंश सेल्सिअस तापमानाला साखरेचे संपृक्त द्रावण ६७ टक्क्यांच्या आसपासच असते. म्हणूनच नुसत्या साखरेचा दाट पाक करून ठेवला तर काही दिवसांनी तळाशी खडे जमतात. पण अमृतकोकमाच्या तळाशी पहिल्या दिवशी दिसणारी साखर आठवड्याभरात नाहीशी होते. ही करामत कोकमाच्या आंबटपणाची आहे.

साखरेचा रेणू म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडगोळी. आम्ल आणि ऊब मिळाली की ही जोडी पाण्याचा एक रेणू घेऊन सुटी होते. दोन वेगळ्या साखरा झाल्या की त्या अधिक विरघळतात आणि खडेही सहज धरत नाहीत. शिवाय एका रेणूचे दोन रेणू झाले! पाण्याला धरून ठेवण्याच्या कामात मुख्यतः रेणूंची संख्या मोजली जाते, त्यांचे वजन नव्हे.

वहीत करून पाहा. १०० ग्रॅम सिरपमध्ये ६५ ग्रॅम साखर म्हणजे ०.१९ मोल. ३५ ग्रॅम पाणी म्हणजे १.९४ मोल. साखरेच्या एका रेणूमागे पाण्याचे दहा रेणू. सगळी साखर फुटली तर तिचे रेणू दुप्पट होतात, पाणी थोडे खर्ची पडते आणि एका रेणूमागे पाण्याचे पाचही रेणू उरत नाहीत. तेव्हा अमृतकोकम उन्हात आठवडाभर ठेवणे हा नुसता रिवाज नाही. त्या आठवड्यात सालीतले पाणी बाहेर येते आणि साखरेचे रेणू फुटून वाढतात.

आम्लाचे आणखी एक काम आहे. कोकमाच्या रसाचा सामू, म्हणजेच पीएच, फार कमी असतो. बॉट्युलिनम नावाचा घातक विष तयार करणारा जीवाणू ४.६ पेक्षा कमी सामूत वाढत नाही. साखर, आम्ल आणि स्वच्छता असे तीन पहारेकरी मिळून बाटली राखतात. त्यांतला एक कमी केला की उरलेल्या दोघांवर भार येतो.

शाहूपुरीतला जुना धडा

हे तत्त्व आमच्या शाहूपुरीला नवे नाही. १८९५ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी ही व्यापारपेठ वसवली आणि ती गुळासाठी नावाजली. पुढे गुळाचे सौदे मार्केट यार्डात गेले, पण गुऱ्हाळातले शास्त्र तेच राहिले. उसाच्या रसात चार-पंचमांशाच्या आसपास पाणी असते, म्हणून तो काही तासांत आंबतो. काहिलीत तो आटवत नेला आणि सुमारे १०५ अंशांवर थांबवला की काकवी मिळते. तीही एक सिरपच. तसेच पुढे सुमारे ११८ अंशांपर्यंत नेले की गूळ होतो. पाणी जितके कमी तितका उत्कलनांक जास्त. थर्मामीटर नसलेला गुळव्या थंड पाण्यात पाकाचा थेंब टाकून हेच तर पाहतो!

आणि पावसाळ्यात गूळ का पाघळतो, हेही आता तुम्ही सांगू शकाल. हवेतील आर्द्रता गुळावरच्या आर्द्रतेपेक्षा जास्त झाली की गूळ हवेतले पाणी ओढू लागतो.

घरी करण्याची रीत

घरातील मोठ्यांच्या मदतीने हे करा. पिकलेले, न फुटलेले रातांबे धुऊन कोरड्या फडक्याने पुसा. फळ मधोमध कापून बिया गरासकट काढा. सालीच्या वाट्यांचे वजन करा आणि त्याच्या दुप्पट साखर घ्या. प्रत्येक वाटीत साखर भरून त्या बरणीत थरांनी रचा आणि उरलेली साखर वर पसरा. बरणी काचेची किंवा चिनी मातीची हवी. ॲल्युमिनियम, तांबे, पितळ नको, कारण आम्ल धातूला खाते आणि तो रसात उतरतो. तोंडाला स्वच्छ पातळ फडके बांधून सहा ते आठ दिवस उन्हात ठेवा. रोज एकदा हलवा. सगळी साखर विरघळली की रस गाळा आणि चवीपुरते मीठ व भाजलेल्या जिऱ्याची पूड घाला. उकळून, पूर्ण वाळवलेल्या बाटल्यांत भरा.

ऊन नसेल तर रस मंद आचेवर आटवता येतो, पण तेथे एक गंमत आहे. पुस्तकात समुद्रसपाटीचे तापमान दिलेले असते. ६५ टक्क्यांचा पाक पाण्याच्या उत्कलनांकापेक्षा सुमारे ४ अंश वर उकळतो. मुंबईत तो १०४ होईल. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच, येथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणीच ९८ अंशांच्या आसपास उकळते. तेव्हा आमचा पाक १०२ लाच तयार! पुस्तकातल्या आकड्यासाठी थांबाल तर पाक फार दाट होईल. आधी उकळत्या पाण्यात थर्मामीटर बुडवा, आपल्या गावचा आकडा नोंदवा आणि त्यात ४ मिळवा.

एका फळाची रीत दुसऱ्या फळाला डोळे मिटून लावू नका. युरोपात एल्डर नावाच्या झुडपाच्या काळ्या फळांचे सिरप घरोघरी करतात. ती फळे मात्र शिजवावीच लागतात, कारण कच्च्या फळांत आणि बियांत सायनाइड सोडणारी द्रव्ये असतात. कोकमात तसे काही नाही. पण दोघांचे एक नाते आहे. एल्डरचे शास्त्रीय नाव सांब्युकस. त्याच्यावरून एका जोडसाखरेला सांब्युबायोज असे नाव मिळाले. ही जोडसाखर जोडलेले सायनिडिन हे लाल रंगद्रव्य एल्डरमध्ये आहे आणि आपल्या कोकमाच्या सालीतही तेच प्रमुख आहे. हजारो मैलांवरच्या दोन फळांनी एकच रंग वापरला! थोड्या रसात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून पाहा. लाल रंग पार बदलतो आणि लिंबू पिळले की पुन्हा लाली येऊ लागते.

मोजून पाहा

आपले सिरप रेषेच्या कोणत्या बाजूला आहे, हे कसे ओळखावे? तराजू पुरे. एका लहान बाटलीच्या मानेवर खूण करा. रिकामी बाटली तोला. खुणेपर्यंत पाणी भरून तोला. मग बाटली वाळवून त्याच खुणेपर्यंत सिरप भरून तोला. मीठ व जिरे घालण्यापूर्वी हे करावे. सिरपच्या वजनाला पाण्याच्या वजनाने भागले की विशिष्ट गुरुत्व मिळते. ते १.२३ असेल तर साखर सुमारे ५० टक्के, १.२६ असेल तर ५५, १.२९ असेल तर ६०, १.३२ असेल तर ६५ आणि १.३५ असेल तर ७० टक्के.

समजा, रिकामी बाटली १५० ग्रॅम, पाण्यासह ३५० आणि सिरपसह ४१४ भरली. पाणी २०० ग्रॅम, सिरप २६४ ग्रॅम, भागाकार १.३२. तुमचे सिरप पास! फळातील आम्लामुळे आकडा किंचित वाढतो, पण घरच्या कामाला एवढा अंदाज पुरतो. १.२९ किंवा कमी आले तर बाटली शीतपेटीत ठेवून लवकर संपवा.

आणखी एक खबरदारी. बाटलीतल्या सिरपवर बुरशी आली तर ती नेहमी वरच का दिसते? एक तर तिला हवा लागते. दुसरे असे की गरम सिरप भरून लगेच बूच लावले तर वाफ बुचाखाली निवते आणि तिचे थेंब पृष्ठभागावर पडतात. दाट सिरपमध्ये हे पाणी लवकर मिसळत नाही. खाली ६५ टक्के असले तरी वरचा पातळ थर तेवढा गोड राहत नाही आणि बुरशीला तेवढी जागा पुरते. ओल्या चमच्यानेही हेच घडते. "ओला चमचा घालू नकोस" असे आजी ओरडते तेव्हा तिच्या मागे हे सारे शास्त्र उभे असते.

मग वडिलांचे काय?

माझा हेतू वाईट नव्हता, जागा चुकली. साखर बरणीत कमी करायची नसते, पेल्यात कमी करायची असते. ३० मिलिलिटर सिरपमध्ये सुमारे २६ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे साखर असते. मधुमेह असणाऱ्याला ती जास्तच. तुम्हांआम्हांलाही रोज एक पेला पुरे.

वडिलांसाठी आईने दुसराच मार्ग काढला, तो म्हणजे आगळ. कोकमाच्या रसात साखरेऐवजी भरपूर मीठ. येथेही संख्येचाच न्याय चालतो. मिठाचे ५८.५ ग्रॅम पाण्यात विरघळले की दोन मोल आयन मिळतात. साखरेच्या ३४२ ग्रॅमपासून मात्र एकच मोल रेणू. म्हणजे ग्रॅमला ग्रॅम धरले तर मिठाचे कण जवळजवळ बारा पट! म्हणून आगळ टिकवायला मीठ साखरेपेक्षा पुष्कळ कमी लागते. दोन चमचे आगळ पेलाभर पाण्यात घातले की वडिलांचे सरबत तयार होते. रक्तदाब असणाऱ्यांनी मात्र मिठाबद्दल डॉक्टरांना विचारावे.

आता दर मे महिन्यात आमच्या गच्चीवर दोन बरण्या असतात, एक साखरेची आणि एक मिठाची. आई माप घेते आणि मी बाटली तोलून भागाकार करतो. गेल्या वर्षी उत्तर १.३३ आले. मी आईला सांगितले, तर ती म्हणाली, "बरं झालं. आता भिंत पुन्हा रंगवायला नको."

तुमच्या घरी लोणचे, मुरांबा, काकवी यांपैकी काय केले जाते? त्यात पाण्याला कोण धरून ठेवते, साखर की मीठ? आजीला माप विचारा, वहीत भागाकार करा आणि उत्तर शाळेत शिक्षकांना दाखवा.